कप्तानांची टोपी आणि तेवीस दारांचं नवं

माझ्या आजवरच्या आयुष्यात मी पाहिलेला सर्वांत थोर कप्तान कुठल्याही जहाजाचा कप्तान नव्हता. पोरांनो, तिकडे तुमच्या बंदरात मोठमोठ्या बोटी लागतात, त्यांचे सोनेरी बिल्ल्यांचे अधिकारी तुम्ही पाहत असाल; पण आमच्या खाडीकाठच्या कप्तानांपुढे ते सगळे होडी वल्हवणारे. तीस वर्षं ते मालवाहू जहाजांवर होते हे अगदी खरं, पण होते ते भटारखान्यात. आचारी म्हणून चढले आणि आचारी म्हणूनच उतरले. शेवटच्या फेरीत कुणा परदेशी कप्तानानं त्यांच्या हातचं मटण खाऊन, डोळ्यांत पाणी आणून, स्वतःची पांढरी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली असं ते सांगत. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे खाला म्हणत असू. त्या सांगत की डोळ्यांतलं पाणी मिरचीचं असणार आणि टोपी बाजारातली. खरं काहीही असो, त्या दिवसापासून ती टोपी डोक्यावरून उतरली नाही. न्हावी केस कापायला बसला की कप्तान ती जरा पुढे, जरा मागे सरकवून देत आणि तो बिचारा बेटाभोवती होडी फिरवावी तशी कात्री फिरवी. फक्त नमाजाला ते साधी टोपी घालत, आणि तेव्हाही पांढरी टोपी समोर, नजरेच्या टप्प्यात ठेवलेली असे.

समुद्र सोडून ते शेतीकडे वळले तेव्हा खाला म्हणाल्या होत्या, “जहाजावर होते तेच बरा होता. वर्षातून दोन महिनेच तरास.” कारण कप्तानांच्या लेखी खाडीच्या बांधाआड असलेली आमची खारजमीन ही जमीन नव्हतीच, ते एक जहाज होतं. पूर्वेचा बांध पोर्ट, म्हणजे जहाजाची डावी बाजू, पश्चिमेचा स्टारबोर्ड, म्हणजे उजवी. भरतीचं पाणी अडवायची आणि पावसाचं बाहेर सोडायची लाकडी झडप, जिला आम्ही उघाडी म्हणतो, ती इंजिन रूम. गळ्यात शिट्टी. एक लांब फुंकर म्हणजे भरती आली, दोन आखूड म्हणजे ओहोटी, आणि तीन म्हणजे खालांनी चहा पाठवावा. शेतात तुमच्या आजोबांचे दोन कुणगे होते, कुणगा म्हणजे भाताचा लहानसा तुकडा, त्यामुळे मीही आपोआप त्या जहाजावरची झाले. मी शाळेत इंग्रजी शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते, माझं अक्षर बरं होतं आणि माझ्याकडे फायली होत्या. कप्तानांनी मला रेडिओ ऑफिसर नेमून टाकलं. रोज सकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन शेताची नोंदवही सांगत आणि मी ती लिहीत असे. अजून माझ्याजवळ आहे. त्यात बैलांच्या जोडीचा उल्लेख ‘मुख्य इंजिन’ असा आहे आणि एका आषाढातल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: ‘मुख्य इंजिन चिखलात बसले. उठवले. पुन्हा बसले. कारण समजले नाही.’

पण त्यांची सर्वांत अचाट सवय वेगळीच होती. ते शेत चाखत. बांधावर उकिडवं बसून, चिमटीभर चिखल जिभेवर ठेवून, डोळे मिटून, रश्श्याची चव घ्यावी तसे ते चाखत आणि निकाल देत. “बाई, आज मीठ जास्त झालाय.” किंवा, “आज बेताचा. आजारी मानसालाबी चालंल.” दापोलीच्या कृषी विद्यापीठातून भातावर काम करणाऱ्या एक बाई खारजमिनी पाहायला आल्या, तेव्हा मला भीती होती की त्या हसतील. त्यांनी पिशवीतून क्षार मोजायचं यंत्र काढलं, कप्तानांनी जीभ काढली. पाच कुणग्यांची माती दोघांनी आपापल्या रीतीनं तपासली आणि सगळ्यात खारट कोणती, सगळ्यात गोड कोणती, हा क्रम दोघांचा हुबेहूब जुळला. दापोलीच्या बाई यंत्राकडे पाहत राहिल्या. कप्तान म्हणाले, “चीफसाहेब, तुमची मशीन चांगली हाय. पर तिला भूक लागत नाय, म्हणून जरा वेळ लागतो.” त्या दिवसापासून त्या चीफ इंजिनियर झाल्या आणि जिथे जातील तिथे कप्तानांची जीभ बरोबर न्यायची की काय, असा विचार करू लागल्या.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, आणि मग एका पावसाळ्यात, जुनं शतक संपत आलेलं असताना, ते हसू जरा थांबलं. उधाणाची भरती आणि दोन दिवसांची झड एकाच वेळी आली आणि स्टारबोर्डचा बांध फुटला. समुद्राचं पाणी भातात शिरलं. दुकानातून आणलेलं सुधारित बियाणं, पोटच्या पोरासारखं वाढवलेलं, आठवड्याभरात पिवळं पडून आडवं झालं. बांध आम्ही सगळ्यांनी मिळून पुन्हा घातला, पण जमिनीत मीठ राहिलं ते राहिलं. दिवाळीनंतर कोळंबीच्या तळ्यांचा एक ठेकेदार गावात येऊ लागला. गोड बोलायचा. सगळी खारजमीन एकत्र भाड्यानं द्या, तळी खोदतो, तुम्हाला घरबसल्या मिळेल. बांधाआडच्या चौदाही घरांतले पुरुष मुंबईला नाहीतर आखातात. मागे राहिलेल्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना त्याचं बोलणं पटू लागलं. सही द्यायची ती पुढच्या पावसाआधी, असं ठरत आलं. एकदा तळी खोदली की तिथे पुन्हा भात होणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

कप्तान बोलले. मशिदीच्या आणि देवळाच्या मधल्या पिंपळाखाली सगळे जमले होते. ते म्हणाले, “आमच्या बापाच्या टायमाला तांबडा भात व्हायचा. लांब कुसळांचा. समिंदराचा पानी पिऊन जगायचा तो. पेरून दाखवला तर थांबाल?” कुणीतरी म्हणालं, “कप्तान, तो भात आता सपनात बगायचा.” आणि ते खरंच होतं. बांध पक्का असताना सगळ्यांनी जास्त पिकणारं नवं बी धरलं आणि तांबडं भात कधी संपलं ते कुणाला कळलंही नाही. दापोलीच्या बाई म्हणाल्या, मिठात टिकणारं एक वाण विद्यापीठाकडे आहे, ते मी देते, पण तुमचं जुनं इथल्याच चिखलात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं आहे, ते मिळालं तर सोन्याहून पिवळं. बायकांनी मुदत दिली: एक पावसाळा. दसऱ्यापर्यंत एक जरी कुणगा उभा दिसला तर सही नाही. नाही दिसला तर कप्तानांनीही आपली जमीन द्यायची आणि शिट्टी बंद करायची. कप्तानांनी टोपी नीट केली आणि “कबूल” म्हटलं. पोरांनो, एवढ्या लहान आवाजात त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग तीन दिवस ते बांधावर नुसत्या येरझाऱ्या घालत राहिले. चौथ्या दिवशी सकाळी माझ्या ओट्यावर येऊन ओरडले, “आक्का!” मी दचकून चहा सांडला. आक्का म्हणजे त्यांच्या शेजारच्या कुणब्यांची मुलगी, त्यांच्याहून चारपाच वर्षांनी मोठी, देवरूखच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीत दिली होती. लहानपणी खाडीच्या गाळात रुतलेल्या कप्तानांना तिनं केस धरून वर ओढलं होतं. केस धरून ओढण्याजोगे तेव्हा होते, हा त्यातला मुख्य मुद्दा. लग्न होऊन जाताना तिनं माहेरच्या तांबड्या भाताची एक मुडी, म्हणजे पेंढ्यात आवळून बांधलेला गठ्ठा, डोक्यावर नेली होती. डोंगरात ते भात लावायचं काही कारण नव्हतं, पण माहेरची चव म्हणून ती दर वर्षी एक चोंढा, म्हणजे डोंगरातलं लहानसं शेत, लावते, असं कुणाकडून तरी कप्तानांनी ऐकलं होतं.

मी लगेच कार्ड काढलं आणि लिहायला घेतलं की आम्हाला बियाण्यासाठी भात हवं आहे. कप्तानांनी माझा हात धरला. “बाई, असा लिवू नका. चाळीस वरसात तिच्याकडे गेलो नाय, आन् कार्डावर मागायचा? आधी जायचा. बसायचा. पानी प्यायचा. जेव म्हटली तर जेवायचा. मग हळूच मागायचा.” माझ्या शिस्तीत हे बसत नव्हतं, पण रेडिओ ऑफिसरनं कप्तानाचं ऐकायचं असतं. मी एवढंच लिहिलं की कप्तान, दापोलीच्या बाई आणि मी, असे तिघं अमुक वारी भेटायला येत आहोत.

वैशाखातल्या त्या एसटीच्या प्रवासावर एक स्वतंत्र पत्र लिहिता येईल. कप्तान बसायला तयार नव्हते. ते ड्रायव्हरच्या शेजारी उभे राहून वळणावळणाला “हळू, हळू, डावीकडे खडक हाय” असं सांगत होते. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, “चाचा, तुमी स्टेरिंग घेताव काय? मी तिकिटा फाडतो.” कप्तान गंभीरपणे म्हणाले, “नको, तुजा हात बरा हाय.” पुढे तासभर चालून, दापोलीच्या बाईंची चप्पल तुटून, माझी छत्री उलटी होऊन, आम्ही वाडीत पोचलो.

दारात आक्का उभ्या होत्या. वाकलेल्या, चिमुकल्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत, आणि कप्तानांना वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाल्या, “मेल्या, टोपीखाली केस हायत का गेले?” कप्तान लाजले. मी लिहून ठेवते: कप्तान लाजले.

आणि मग जेवण! काय सांगू तुम्हाला. तांबड्या तांदळाचा वाफाळता भात, वर कुळथाची पिठी, फणसाची भाजी, लोणचं. भाताला असा वास की बोलणं बंद झालं. तीस वर्षं जगभरची भांडी चाखलेला माणूस पहिल्या घासाला थांबला आणि म्हणाला, “आक्का, ही आईच्या चुलीची चव.” आक्कांनी आग्रह करकरून वाढलं. कप्तान चार वेळा जेवले. मी दोनदा. दापोलीच्या बाईंनी भाताची दोन शितं रुमालात बांधून घेतली, शिजवलेल्या भाताचं त्या काय करणार होत्या देव जाणे. मग हात धुऊन, पान खाऊन, घसा खाकरून, ठरल्याप्रमाणे हळूच, कप्तान म्हणाले, “आक्का, एक मागायचा होता. ह्या भाताचा बी देशील थोडासा?”

आक्का त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “बी? अरे, ताच तर जेवलास की!”

झालं होतं असं. पोरगे मुंबईला, गुडघे गेलेले, म्हणून यंदापासून आक्का भात लावणारच नव्हत्या. बियाण्याची म्हणून एकच मुडी उरली होती. माहेरची माणसं चाळीस वर्षांनी येणार असं कार्ड आलं. त्यांना रेशनचा तांदूळ कसा वाढायचा? आदल्या दिवशी आक्कांनी मुडी फोडली आणि दोन शेजारणींना घेऊन अख्खं बियाणं कांडून काढलं. आम्ही मागायला लाजलो, त्या पाहुणचाराला कमी पडल्या नाहीत, आणि दोन्ही बाजूंच्या चांगुलपणानं मिळून खाडीकाठचं शेवटचं बी कुळथाच्या पिठीबरोबर संपवलं. चार वेळा जेवलेले कप्तान स्वतःच्या पोटाकडे असे पाहू लागले, जणू तिथे नांगरणी करता येईल का याचा अंदाज घेत होते. मला आधी हसू आलं. मग दापोलीच्या बाईंना. मग आक्कांना, आणि त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. कप्तान तेवढे हसले नाहीत. ते उठून बाहेर आले, ओटीवर दाराला टेकून उभे राहिले, आणि वर बघत म्हणाले, “या अल्ला.”

वर बघत म्हणाले ते बरं झालं. कारण वर नवं होतं.

तुम्हाला नवं ठाऊक नसेल. नवान्न पौर्णिमेला आपल्याकडे नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांत बांधून दाराला लावतात, तेच नवं. वर्षभर ते तिथंच राहतं. पुढच्या वर्षीचं आलं की मगच जुनं उतरवायचं. आणि दाराच्या खिळ्याला, आंब्याच्या सुकलेल्या पानांत, लांब तांबूस कुसळांची एक मूठभर जुडी लटकत होती. कुसळांमुळे चिमण्यांनीसुद्धा तोंड लावलं नव्हतं. दापोलीच्या बाईंनी एक दाणा सोलला, चावला आणि ओरडल्या, “जिवंत आहे, जिवंत आहे!” आक्का म्हणाल्या, ह्या लोंब्या दिसायला देखण्या म्हणून अख्खी वाडी नवं बांधायला माझ्याच चोंढ्यातल्या नेते. कप्तानांनी वाडीकडे नजर टाकली. तेवीस घरं. तेवीस दारं.

पण आक्का दाराशी आल्या. जुडीला हात लावून म्हणाल्या, “नवा यायच्या आधी जुना उतरवायचा? माजा कुंकू गेला, कपाळ मोकळा झाला, आता दारबी मोकळा करू?” दापोलीच्या बाईंनी यंत्राची पिशवी उगाचच उघडली आणि मिटली. मी तर जमिनीकडे पाहत होते, म्हणून मला आधी दिसलंच नाही. दिसला तो कप्तानांचा टक्कल पडलेला, गोरा, कधी ऊन न पाहिलेला माथा. त्यांनी टोपी काढली होती. दोन्ही हातांनी ती आक्कांपुढे धरून म्हणाले, “दार मोकळा राहाणार नाय. ही टांगतो. नवान्नाला मी सोता येईन, तेवीस दारांना नवा बांधीन, तेवा उतरव.”

आक्कांनी टोपी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, तिच्या आतला कापूर आणि कांद्याचा वास घेतला आणि म्हणाल्या, “नाय आलास तर?”

“तर टोपी तुजी, आन् मी कप्तान नाय.”

खिळ्यावरून जुडी उतरली आणि पांढरी टोपी चढली. मग आक्का पुढे आणि आम्ही मागे, अशी दारोदार फेरी निघाली. प्रत्येक दारी त्याच गप्पा, तोच हशा, “आक्कानं पावन्यांना बी जेवू घातलान्” हे वाऱ्यासारखं आमच्या पुढे धावत होतं. कुणी दाराला झेंडूची माळ लावली, कुणी करवंटी, एका आजोबांनी खिळ्याला स्वतःचा चष्मा अडकवला आणि नंतर तो शोधत बसले. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही एक टोपली घेऊन उतरलो. गावात कप्तानांना कुणी ओळखलं नाही. खालांनी दार उघडून विचारलं, “कोन पायजे?”

त्या टोपलीतून निघालं ते एका कुणग्यापुरतं बी. खालांच्या स्वयंपाकघरात ओल्या गोणपाटाखाली त्याला मोड आणले, पावसानं मीठ धुतल्यावर चिखलात फेकून पेरलं. शेजारच्या कुणग्यात दापोलीच्या बाईंचं वाण, त्याच्या पलीकडे काहींनी हट्टानं पेरलेलं दुकानातलं. आणि श्रावणात उधाण आलंच. भर दुपारी पाणी बांधावरून आत सांडत होतं आणि चौदा घरांच्या बायका, साडीचे नाहीतर ओढणीचे पदर खोचून, मातीच्या पाट्या टाकत होत्या. कप्तान उघड्या डोक्यानं, शिट्टी फुंकून फुंकून लालबुंद. तीन दिवस खारं पाणी आत तुंबून राहिलं. चौथ्या दिवशी त्यांनी चिखल चाखला आणि थुंकले. “डाळ असती तर फेकून दिली असती.”

दुकानातलं भात गेलं. दापोलीचं अर्धं वाचलं. आणि आक्कांच्या दारावरचं भात, आधी आठ दिवस रुसल्यासारखं मान खाली घालून, मग एका सकाळी नुसतं उभं राहिलं. दापोलीच्या बाईंनी कौतुकानं तोंडात बोट घातलं आणि म्हणाल्या, “हे माझ्याकडे हवं. आणि माझं तुमच्याकडे.” त्या तेव्हापासून दर वर्षी येत राहिल्या, दोन्ही वाणं शेजारी लावत राहिल्या. दसऱ्याला ठेकेदार सही घ्यायला आला. कप्तानांनी त्याला बसवून, उघाडीच्या जाळीत सापडलेल्या कोळंबीचं कालवण जेवू घातलं, आणि निरोप देताना म्हणाले, “बगा, तळा न खोदताबी मिळते ती.” तो मुकाट्यानं गेला, पण कालवण दोनदा मागून.

त्या पिकातला एक दाणा कप्तानांनी शिजवू दिला नाही. आचाऱ्याला ही शिक्षा किती मोठी, ते मीच पाहिलं. कापणीच्या वेळी ते नाकाला रुमाल बांधून उभे होते. नवान्नाला आम्ही तेवीस जुड्या घेऊन वर गेलो. त्यांनी एकेका दाराला आपल्या हातानं नवं बांधलं. शेवटी आक्कांचं दार. आक्का टोपी उतरवायला गेल्या तर म्हणाले, “ऱ्हाऊदे तिथंच. येत जाईन.” शिवाय एक मुडी आक्कांकडे ठेवली आणि त्यांच्याकडच्या नाचणीचं बी खाली आणलं. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, “बाई, जहाजाला लाईफबोटी दोन लागतात, आन् दोनी एकाच बाजूला बांदत नाय. खाली समिंदर आला तर वरती बी. वरती डोंगर आला तर खाली बी.” मी ते नोंदवहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मग दर नवान्नाला ते जात. पोचल्यावर टोपी घालत, तेवीस दारं करत, परत खिळ्याला टांगून बोडक्या डोक्यानं गाडीत बसत. हळूहळू सबंध खारजमीन तांबड्या भातानं भरली. एका वर्षी पौर्णिमेच्या दहाबारा दिवस आधी कप्तान बांधावर माती चाखून, “बेताचा हाय” असं म्हणून घरी आले, दुपारी झोपले, आणि उठले नाहीत. नोंदवहीत त्या दिवशीचं पान मी लिहिलं आहे. त्यात फक्त भरती-ओहोटीची वेळ आहे. दुसरं काय लिहायचं ते सांगणारं ओट्यावर कुणी आलं नाही.

जुड्या घेऊन मीच गेले. आक्का दारात होत्या, आणखी वाकलेल्या. निरोप त्यांना आधीच पोचला होता. माझ्या हातातली टोपली त्यांनी उतरवून घेतली. मी जुडी घेऊन खिळ्याकडे हात नेला तेव्हा म्हणाल्या, “बाई, तसा नाय. आधी टोपी घाला, मग बांदा.”

तुमची आजी अंबाडा घातलेली, चष्म्याची, आयुष्यभर डोक्यावर पदराखेरीज काही न घेतलेली. मी टोपी घातली. झाडून पुसून लख्ख ठेवली होती त्यांनी. मला ती फार मोठी होती. पार डोळ्यांवर आली. बरंच झालं ते. तशीच मी तेवीस दारं केली.